माढे परगण्यातील बिघा व चाहूर : आधुनिक मापांत रूपांतर

माढ्यासंबंधीच्या जुन्या सनदा, इनामपत्रे आणि गावझाडे चाळताना जमिनीचे क्षेत्र बिघे, पांड व चाहूर यांतच दिलेले आढळते. अभ्यासक बहुधा एखाद्या कोष्टकातून गुणक घेतो, बिघ्यांचे एकर करतो आणि पुढे जातो. परंतु दर बिघ्यास एक रुपया सारा हा एकरी सव्वा रुपया पडत होता की दीड रुपया, हे त्या गुणकावरच ठरते. पेशवाईतील व कंपनी सरकारच्या अमलातील करभाराची तुलना या एका अंकावर उभी राहते किंवा कोसळते.

दख्खनी मापाचा पाया काठी हा होय. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे कृष्णाजी अनंत सभासदाने जी बखर लिहिली तीत शिवकालीन मोजणीचे प्रमाण नोंदले आहे. काठी पाच हात पाच मुठींची, हात चौदा तसूंचा, आणि काठीची एकूण लांबी ऐंशी तसू. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि 120 बिघ्यांचा एक चाहूर अथवा चावर. बिघ्याचा विसावा हिस्सा तो पांड. त्यात वीस चौरस काठ्या येतात. पाच हातांचे सत्तर तसू वजा केले असता पाच मुठींच्या वाट्यास दहाच तसू उरतात, म्हणजे हिशेबातील मूठ दोन तसूंची. माणसाची खरी मूठ यापेक्षा मोठी भरते. तेव्हा ज्या गावी काठी प्रत्यक्ष हातामुठीने कापली गेली तेथे ती ऐंशी तसूंहून लांब झाली असली पाहिजे.

खरी अडचण हाताच्या लांबीची आहे. हात अठरा इंचांचा धरल्यास ऐंशी तसूंची काठी 102.86 इंच, म्हणजे 2.61 मीटर भरते. बिघ्याची बाजू 52.25 मीटर व क्षेत्र सुमारे 2,730 चौरस मीटर येते. गुंठा 33 फूट चौरस, म्हणजे 101.17 चौरस मीटर असल्यामुळे हा बिघा 27 गुंठ्यांचा झाला. हात साडेएकोणीस इंचांचा धरला तर तोच बिघा सुमारे 3,204 चौरस मीटर, म्हणजे पावणेबत्तीस गुंठ्यांच्या जवळ जातो. दीड इंचाचा हा फरक चाहुरात फार मोठा होतो : पहिल्या हिशेबाने चाहूर सुमारे 81 एकर, दुसऱ्याने 95 एकर. एका चाहुराच्या इनामात चौदा एकरांचे अंतर पडावे ही गोष्ट किरकोळ नव्हे.

त्यातही बिघा कोणाचा, हा प्रश्न आहेच. माढे हे मराठ्यांच्या व निजामाच्या सत्तांच्या सीमेवरील ठिकाण. तेथील किल्ला निजामाचे सरदार रावरंभा निंबाळकर यांच्या नावाशी निगडित आहे. मोगली पद्धतीचा बिघा 3,600 चौरस गजांचा असे. इंग्रजांनी ठरविल्याप्रमाणे इलाही गज 33 इंचांचा धरल्यास तो 3,025 चौरस यार्डांचा, म्हणजे नेमका 25 गुंठ्यांचा होतो. सनद कोणत्या दफ्तरातून निघाली हे पाहिल्यावाचून गुणक निवडणे व्यर्थ होय.

शिवाय बिघा हे सर्वत्र शुद्ध क्षेत्रमाप नव्हते. हलक्या, बरड जमिनीचा बिघा मोठा आणि काळ्या कसदार जमिनीचा लहान धरण्याची चाल अनेक गावी होती; तेथे बिघा हे साऱ्याचे परिमाण ठरते. भीमेच्या काठची काळी जमीन आणि वरचे माळरान यांना एकच गुणक लावणे म्हणूनच धोक्याचे आहे.

यातून वाट निघते ती भीमेपलीकडून. इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांची मोजणी-जमाबंदी 1836 मध्ये लागू झाली आणि पुढे तीच पद्धत सोलापूरकडील तालुक्यांत आली. तिने एकर व गुंठा ही मापे आणि सर्व्हे नंबर कायम केले. जुन्या इनामपत्रातील चतुःसीमा जुळवून तीच जमीन सर्व्हे नंबरात ओळखता आली, तर बिघे व एकर समोरासमोर ठेवून त्या गावचा गुणक काढता येतो. इनामांच्या चौकशीची एकोणिसाव्या शतकातील कागदपत्रे या कामी मोलाची आहेत. मात्र सर्व्हे नंबराच्या क्षेत्रात पोटखराबा धरलेला असतो, जुन्या कागदात पुष्कळदा लागवडीचीच जमीन असते. तो वजा केल्यावाचून तुलना करू नये. 1947 च्या एकत्रीकरण कायद्यानंतर जेथे गट पाडले गेले तेथे गट नंबरावरून मागे सर्व्हे नंबराकडे जावे लागते. सातबारावरील हेक्टर-आर शेवटी येतात : एक आर शंभर चौरस मीटर, आणि एकर 40.47 आर.

कोष्टकात मूळ बिघे-पांड जसेच्या तसे ठेवून शेजारी गुणक, हाताची धरलेली लांबी आणि जमिनीची प्रत नोंदवावी. भीमेकाठच्या कित्येक जमिनींचे पुनर्मोजमाप आता शक्यही नाही. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयाखाली माढा, करमाळा व इंदापूर या तालुक्यांतील शिवार गेले आहे. तेथे टिपण, फाळणी आणि आकारबंद एवढीच साधने उरतात.