लेकरांसोबत पायवाटा (6) : समुद्र नसलेलं बेट

मागच्या आठवड्यात आपण मालवणच्या किनाऱ्यावर होतो. लहान मुलांना बेटावरची भटकंती का मानवते, ते तेव्हा पाहिलं. बेटावर वाट फार लांबत नाही, कुठं ना कुठं पाणी आडवं येतंच. आज किनाऱ्यापासून अडीचशे किलोमीटरहून अधिक आत, धाराशिव जिल्ह्यात जाऊ. इथंही एक बेट आहे. त्याच्या भोवती सोयाबीन, तूर आणि ऊस आहे, आणि एका अंगानं सोलापूर-धुळे महामार्गाची ट्रकांची रांग चालू असते.

हे बेट म्हणजे येडशी-रामलिंग घाट अभयारण्य. धाराशिव शहरापासून ते वीसेक किलोमीटरवर, बालाघाटाच्या रांगेत आहे. 1997 साली अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम 22 चौरस किलोमीटर. ते किती लहान हे मुलांकडूनच काढून घ्या. हे सगळं रान एका गोल वर्तुळात बसवलं तर त्रिज्या पावणेतीन किलोमीटरसुद्धा भरत नाही. म्हणजे अगदी मधोमध उभं राहून कुठल्याही दिशेला चालू लागलात तरी तासाभरात शेताचा बांध लागेल. प्रत्यक्षात रान काही गोल नाही, वेडंवाकडं आहे. त्यामुळं बांध त्याहून जवळच.

या लहानपणाचा अर्थ काय, ते 1967 साली रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी एका पुस्तकात मांडलं. बेट जितकं लहान आणि मुख्य भूमीपासून जितकं दूर, तितक्या तिथं टिकणाऱ्या जाती कमी. पुढं अभ्यासकांनी हाच विचार रानांच्या तुकड्यांना लावला. पनामा कालव्यासाठी नदी अडवली तेव्हा गातून नावाचं सरोवर तयार झालं आणि एका टेकडीचं बेट झालं, बारो कोलोराडो. क्षेत्र 15 चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे येडशीच्या रानाहून थोडं लहानच. तिथं कुणी झाडं तोडली नाहीत, शिकारही थांबवली, तरी पुढच्या काही दशकांत कित्येक जातींचे पक्षी तिथून नाहीसे झाले. रान राखलं तरी ते एकटं पडलं की आतून झिजतं. येडशीच्या वाटेवर चालताना मला ही गोष्ट कुठल्याही माहितीफलकाहून जास्त कामाची वाटते.

आता वाट. कुटुंबासाठी सगळ्यात सोयीची वाट रामलिंगाच्या देवळाची. देऊळ दरीत आहे. पायऱ्या उतरून खाली जायचं, देवळाला वळसा घालून ओढा जातो आणि पावसाळ्यात मागं धबधबा कोसळतो. सीतेला घेऊन निघालेल्या रावणाला जटायूनं इथंच अडवलं आणि जटायू इथंच पडला, अशी इथली श्रद्धा आहे. त्याची समाधी देवळासमोर दाखवतात. रामानं बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढलं, असंही सांगतात. श्रावणी सोमवारी इथं पाय ठेवायला जागा नसते. भक्तीसाठी यायचं तर जरूर तेव्हा या. मुलांना रान दाखवायचं असेल तर मात्र तो वार टाळा.

जटायू म्हणजे गिधाडांचा राजा. मुलं इथं हमखास विचारतात की गिधाड कुठं दिसेल. उत्तर अवघड आहे. 1990 नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत भारतातली गिधाडं इतकी मेली की पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत हजारातलं एखादंच उरलं. कारण निघालं डायक्लोफेनॅक, जनावरांना दिलं जाणारं दुखणं कमी करायचं औषध. ते टोचलेलं जनावर मेल्यावर गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. जनावरांसाठी या औषधावर 2006 साली बंदी आली. समाधीपाशी ही गोष्ट सांगावी. मुलांना ती समजते आणि रावणाइतकीच चीडही येते.

उतरताना पायऱ्या मोजू नका, परतीची चढण मोजा. 1892 साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं घातलेला हिशेब डोंगर चढणारे आजही वापरतात : तासाला पाच किलोमीटर, आणि दर शंभर मीटर चढाला दहा मिनिटं वरून. हा हिशेब धडधाकट मोठ्यांचा. सोबत सहा-सात वर्षांचं लेकरू असेल तर वेळ दुप्पट धरा. दगड उचलणं, मुंगळा पाहणं, तहान लागणं हे सगळं त्यात येतं. लेकराचं अंग वजनाच्या मानानं जास्त उघडं असतं, म्हणून कडक उन्हात ते मोठ्यांआधी तापतं. मार्च ते मे इथं मुलांना आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जुलै ते डिसेंबर बरा. फक्त दिवाळीच्या आसपास गवत वाळलं की कुसळं मोज्यांत घुसतात. लांब पँट आणि बूट घाला. चपलेवर आलेलं पोरगं अर्ध्या वाटेत खांद्यावर येतं.

पावसाळ्यात ओढ्याची गोष्ट वेगळी. बालाघाटाचा माथा म्हणजे काळा पाषाण आणि वर मुरमाचा पातळ थर, पाणी मुरायला जागा कमी. एक चौरस किलोमीटर माथ्यावर 20 मिलिमीटर पाऊस पडला तर ते 2 कोटी लिटर पाणी होतं. त्यातलं बरंचसं सरळ ओढ्यात उतरतं. तुमच्या डोक्यावर ऊन असताना वर सर पडून गेलेली असू शकते. ओढ्याचं पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, की मुलांना घेऊन लगेच वर सरकायचं. धबधब्याखाली फोटो काढायला शेवाळलेल्या दगडावर चढू नये, हे मुलांपेक्षा त्यांच्या बापांना सांगावं लागतं.

माकडांना खाऊ देऊ नका. केळं दिलं की पुढच्या कुटुंबाच्या पिशवीवर ती झडप घालतात. डबा उघड्यावर न खाता देवळाच्या आडोशाला खावा.

  

राहिला वाघ. डिसेंबर 2024 मध्ये या अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात एक तरणा नर वाघ दिसला. तो यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून आलेला, म्हणजे सुमारे साडेचारशे किलोमीटर शेतं, रस्ते, गावं ओलांडून. लोकांनी त्याला रामलिंग म्हटलं. त्याला धरून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात न्यायचे प्रयत्न पुढं महिनोन्‌महिने चालले आणि त्यानं पथकांना दाद दिली नाही. बारो कोलोराडोवरही मधूनच पाणी पोहून जग्वार येऊन जातो. बेट एकटं पडलं तरी कुणीतरी येत राहतं, पण त्याच्या पोटाला ते पुरतं का, हा वेगळा प्रश्न. 22 चौरस किलोमीटर नर वाघाला थोडंच. मग तो बांधावर येतो, गुरं मारतो, आणि रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या जिवाला घोर लागतो. ही भीती शहरातून कौतुकानं वाघाचे फोटो पाहणाऱ्यांनी हसण्यावारी नेऊ नये.

आपल्यासाठी यातून नियम निघतात ते साधे. देवळाच्या वाटेपलीकडं रानात शिरायला 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार वनखात्याची परवानगी लागते, ती घ्या. निघण्याआधी येडशीत वनरक्षकाला गाठून विचारा. सूर्य वर आल्यावर उतरा, उन्हं कलायच्या आत वर या. मुलांना मधे ठेवा, पुढं-मागं मोठी माणसं. बिबट्या, लांडगा, तरस, रानडुक्कर यांच्यासाठीही हे चालतं, आणि ते वाघ येण्याआधीपासूनच इथले. आतली वाट बंद आहे असं वनरक्षकानं सांगितलं तर हुज्जत घालू नका. देवळापर्यंत जाऊन ओढ्याचं पाणी बघून परतलात तरी लहान मुलांच्या पायांना तेवढं भरपूर होतं.

(पुढील लेखांक : नळदुर्गचा किल्ला, बोरी नदी आणि नर-मादी धबधबे)