मिनेसोटातील सोमाली वस्त्या



अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नकाशा उघडला म्हणजे उत्तरेस, कॅनडाच्या सीमेला लागून, मिनेसोटा नावाचे राज्य दिसते. मिसिसिपी नदीचा उगम याच राज्यात होतो. ‘दहा हजार सरोवरांची भूमी’ असे बिरुद ते मिरविते. हिवाळ्यात ही सरोवरे इतकी घट्ट गोठतात की, त्यांवरून मोटारी चालवितात. पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंश उतरला, तरी तेथील माणसांस त्याचे नवल वाटत नाही. आता दृष्टी आफ्रिकेच्या पूर्व टोकाकडे वळवावी. तेथे सोमालिया आहे. उंट, शेळ्यामेंढ्या आणि पावसामागून फिरणारे पशुपालक यांचा हा उष्ण देश. विषुववृत्तच त्याच्या दक्षिण भागातून जाते. या दोन भूभागांत साम्य असे काहीच नाही. तरीसुद्धा अमेरिकेतील सोमाली लोकांची सर्वांत मोठी वस्ती मिनेसोटातच आहे आणि तिची संख्या ऐंशी हजारांच्या वर आहे. हे कसे घडले, आणि ही माणसे त्या राज्यात कोठे कोठे राहतात, हे आज पाहावयाचे आहे.

1991 च्या जानेवारीत सियाद बारे यांची राजवट कोसळली आणि सोमालियात टोळ्याटोळ्यांचे यादवी युद्ध पेटले. पाठोपाठ 1992 चा दुष्काळ आला. लक्षावधी लोक सीमा ओलांडून केनियात गेले आणि दादाब येथील निर्वासितांच्या छावण्यांत वर्षानुवर्षे राहिले. त्यांतील काहींना अमेरिकेने आश्रय दिला. तेथील पद्धत अशी होती की, सरकार परवानगी देई. पण विमानतळावरून घरापर्यंत नेणे, घर मिळवून देणे, मुलांस शाळेत घालणे ही कामे सेवाभावी संस्था करीत. मिनेसोटात ल्यूथरन आणि कॅथलिक पंथांच्या अशा संस्था पूर्वीपासून होत्या. 1975 नंतर लाओसमधून आलेल्या ह्मोंग लोकांस वसविण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

परंतु ही झाली अर्धीच हकीकत. अनेक सोमाली कुटुंबांना सरकारने प्रथम कॅलिफोर्नियात किंवा अन्यत्र ठेविले होते. मिनेसोटास ती पुढे आपल्या पायांनी आली. त्यांना तेथे ओढून नेले ते एका पक्ष्याने! टर्की हा तो पक्षी. त्याच्या उत्पादनात मिनेसोटाचा क्रमांक अमेरिकेत पहिला लागतो. या पक्ष्यांचे मांस कापून, साफ करून, बांधून पाठविण्याचे कारखाने छोट्या छोट्या गावांत आहेत. काम थंडगार खोल्यांत तासन्‌तास उभ्याने करावयाचे, हात आखडून जावेत असे. स्थानिक तरुण त्यास नाखूश असत. मात्र या कामास इंग्रजी येण्याची अट नव्हती आणि पगार पहिल्या आठवड्यापासून सुरू होई. 1990 नंतरच्या पहिल्या वर्षांतच राज्याच्या नैर्ऋत्येकडील मार्शल या गावी काही सोमाली पुरुष अशा कारखान्यात लागले, आणि काम मिळते ही वार्ता दूरध्वनीवरून आप्तांपर्यंत गेली. पशुपालकांच्या तांड्यात पुढे एक माणूस पाठवून पाऊस कोठे पडला, चारा कोठे आहे, हे पाहण्याची रीत असते. येथेही तसेच झाले. एकाने चारा पाहिला, मागून तांडा आला.

या वस्तीचे केंद्र मिनियापोलिस शहर. तेथे मिसिसिपीच्या काठी सीडर-रिव्हरसाइड नावाची पेठ आहे. एके काळी स्वीडन-नॉर्वेतून आलेले गरीब मजूर प्रथम येथेच उतरत. 1973 मध्ये राल्फ रॅपसन या वास्तुशिल्पज्ञाने योजिलेले उंच मनोऱ्यांचे गृहसंकुल येथे पुरे झाले. त्यातील सर्वांत उंच इमारत 39 मजल्यांची आहे. रंगीबेरंगी तावदानांच्या या इमारतींत आज बहुसंख्य बिऱ्हाडे पूर्व आफ्रिकेतील आहेत आणि लोक या पेठेला ‘छोटे मोगादिशू’ म्हणतात. शहराच्या दक्षिण भागात कार्मेल नावाचा सोमाली बाजार आहे. एका छपराखाली शेकडा दुकाने: कापड, सोन्याचे दागिने, अत्तरे, शिंपी, न्हावी, आणि तेथेच मशीद. वेलदोडा, दालचिनी, लवंग घातलेला चहा येथे मिळतो, त्याला ते ‘शाह’ म्हणतात. आणि सोबत त्रिकोणी ‘सांबूस’. आपल्या समोशाचे हे भावंड अरबी समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावर वाढलेले आहे, हे नावावरूनच ओळखू येते.

शहरातून बाहेर पडून मिसिसिपीच्या काठाने वायव्येस सुमारे 65 मैल गेले की सेंट क्लाउड लागते. ग्रॅनाइटच्या खाणींचे आणि जर्मन कॅथलिकांचे हे जुने गाव. पश्चिमेस विल्मर, दूर वायव्येस पेलिकन रॅपिड्स ही टर्कीच्या कारखान्यांची गावे. दक्षिणेस फॅरिबॉल्ट आणि ओवाटोना. फॅरिबॉल्ट लोकरी घोंगड्यांच्या जुन्या गिरणीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील मुख्य रस्त्यावर आता सोमाली दुकाने दिसतात. आग्नेयेस रॉचेस्टर. मेयो क्लिनिक या जगप्रसिद्ध रुग्णालयाचे हे गाव असल्यामुळे तेथील सोमाली वस्तीचे वळण थोडे निराळे आहे; दुभाषे, परिचारिका, तंत्रज्ञ तिच्यात आढळतात. अलीकडे ज्यांची स्थिती सुधारली ती कुटुंबे ईडन प्रेरी, बर्न्सव्हिल अशा उपनगरांत घरे घेऊ लागली आहेत. गिरणीकामगाराचा मुलगा शिकला म्हणजे चाळ सोडून जातो, तशातलाच हा प्रकार.

गाव लहान असले म्हणजे नवा माणूस लपत नाही, आणि मग घर्षण होते. मुसलमान कामगारास नमाजाची वेळ पाळावयाची, आणि कारखान्याचा पट्टा तर थांबत नाही! कोल्ड स्प्रिंग येथील कोंबड्यांच्या कारखान्यात या प्रश्नावर खटला झाला. 2008 साली तडजोड होऊन पाळीच्या उत्तरार्धात एक छोटी सुटी देण्याचे ठरले. 2016 च्या सप्टेंबरात सेंट क्लाउडच्या बाजारात एका सोमाली तरुणाने सुऱ्याने दहा जणांस जखमी केले. गावातील सोमाली पुढाऱ्यांनी त्या कृत्याचा तत्काळ निषेध केला. तरी संशय राहिलाच. पुढील वर्षी नवे निर्वासित घेणे थांबवावे, असा ठराव नगरपरिषदेपुढे आला. परिषदेने तो न स्वीकारता स्वागताचा ठराव संमत केला. एका माणसाच्या अपराधाचे ओझे साऱ्या जमातीने किती वाहावे, याचा निर्णय त्या लहानशा सभागृहाला करावा लागला.

राजकारणातही ही माणसे लवकर उतरली. 2013 मध्ये मिनियापोलिसच्या नगरपरिषदेवर अब्दी वारसामे निवडून आले. लहानपणी केनियातील छावणीत चार वर्षे काढलेल्या इल्हान ओमर 2018 मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात पोहोचल्या. 2023 मध्ये सेंट लुई पार्क या उपनगराने नादिया मोहम्मद यांस महापौर केले. त्याच वर्षी मिनियापोलिसने पाचही वेळची अजान ध्वनिक्षेपकावरून देण्यास अनुमती दिली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुलांच्या भोजनासाठी दिलेल्या सरकारी पैशाच्या मोठ्या अपहाराचे खटले 2022 पासून सुरू झाले. त्यांतील बरेच आरोपी सोमाली वंशाचे होते. ज्या संस्थेमार्फत हा पैसा गेला, तिची प्रमुख म्हणून 2025 मध्ये दोषी ठरलेली बाई मात्र सोमाली नव्हती. 2025 च्या जूनमध्ये सोमाली नागरिकांच्या अमेरिका-प्रवेशावर, 2017 प्रमाणे, पुन्हा बंदी आली, आणि डिसेंबरात केंद्र सरकारच्या स्थलांतर खात्याने मिनियापोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांत धरपकडीची मोहीम काढली. मिनेसोटातील बहुसंख्य सोमाली अमेरिकेचे नागरिक आहेत. अनेकांचा जन्मच तेथला. तरीही त्या दिवसांत कित्येक जण नागरिकत्वाचा कागद खिशात ठेवून घराबाहेर पडत.

मिनियापोलिसमध्ये 2013 साली सोमाली वस्तुसंग्रहालय निघाले. उंटावर लादून नेण्याजोगी घरे, लाकडी भांडी, विणलेल्या चटया तेथे मांडल्या आहेत. ज्या मुलांनी उंट कधी पाहिला नाही, ती शाळेतून येऊन हे घर पाहतात. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली ती 1972 मध्ये. तिचे बहुतेक वाङ्मय तोवर मुखोद्गतच होते. आता आजी सोमालीत बोलते आणि नातू इंग्रजीत उत्तर देतो. पिढ्यान्‌पिढ्या दूर गावी राहिलेल्या माणसांस यातील गोडी आणि यातील दुःख निराळे सांगावयास नको. तंबू उचलून पुढे जाणे ज्यांस जन्मजात येत होते, त्यांनी बर्फाच्या मुलखात खुंटा ठोकला आहे. तो तेथे रुजावा की उपटला जावा, हे आता केवळ त्यांच्या हाती राहिलेले नाही. शेजाऱ्यांच्या हातीही ते तितकेच आहे.