दुनळी रायफलची नळी कापायची नसते, का ते ऐका

एपिसोड ऐकायला वेळ नाही मिळाला? मग इथे वाचा.

हिंगोलीच्या एका मित्राचा फोन आला होता. आजोबांच्या परवान्यावरची जुनी इंग्लिश दुनळी रायफल आता वडिलांच्या नावावर करायची आहे. त्यात घरातलं कुणीतरी म्हणतंय, "लय जड आहे राव, चार इंच कापून टाकू." मी म्हटलं, थांब रे बाबा, आधी ऐक.

आपला भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. हिंगोलीला तर 1903 पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. सहावे निजाम महबूब अली खान वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध, आणि त्यांच्या शिकारीचे फोटो काढले राजा दीनदयाळ यांनी. हॉलंड अँड हॉलंड, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स यांच्या दुनळी रायफली त्या काळात भारतातल्या संस्थानिकांकडे यायच्या.

आता नळीची लांबी. काळ्या दारूच्या जमान्यात 28 इंच नळी नेहमीची. 1898 मध्ये रिग्बीने कॉर्डाइटवर चालणारं .450 नायट्रो एक्स्प्रेस आणलं आणि पुढे 24 ते 26 इंच रूढ झालं. दुनळीत बोल्टची लांब पेटी नसते, त्यामुळे नळी 26 इंची असली तरी अख्खी रायफल आटोपशीर राहते. वजन मात्र साडेचार-पाच किलो. ते वजनच धक्का खातं, नाहीतर खांदा निखळेल.

मला सॉफ्टवेअरवाल्याला सगळ्यात भारी वाटलं ते पुढे आहे. दोन नळ्या समांतर दिसतात, पण नसतात! उजवी नळी मधल्या रेषेच्या उजवीकडे असते. तिच्यातून बार काढला, की धक्क्याने रायफल उजवीकडे आणि वर वळते, तेही गोळी अजून नळीतच असताना. हा वेळ जेमतेम एक-दोन मिलिसेकंदांचा. म्हणून कारागीर नळ्यांची तोंडं किंचित आत वळवून जोडतो, म्हणजे वळण आणि तिरकेपणा एकमेकांना खाऊन टाकतात. हे कागदावरच्या गणिताने पुरतं जमत नाही. बार काढायचा, कागदावरचं भोक बघायचं, तोंडाजवळचं सोल्डर वितळवायचं, पाचर जराशी सरकवायची, परत बार काढायचा. दोन्ही गोळ्या जवळजवळ पडेपर्यंत हेच. शुद्ध डीबगिंग, फक्त प्रत्येक टेस्टला एक काडतूस जातं.

आता चार इंच काप. पाचर गेली. गोळी लवकर बाहेर पडते, रायफल कमी वळते, वजनही बदललं. उजव्या नळीची गोळी डावीकडे आणि डाव्या नळीची उजवीकडे जाणार. गोळीचा वेगही घटतो, तोंडाशी आवाज आणि झोत वाढतो.

हे जुळवणं एका ठरावीक काडतुसासाठीच केलेलं असतं. .470 च्या रायफलवर बहुधा 75 ग्रेन कॉर्डाइट, 500 ग्रेन गोळी असा मजकूर कोरलेला दिसेल. कॉर्डाइटचा दाब उन्हाने वाढतो, म्हणून उष्ण देशांसाठी कमी दारूची काडतुसं निघाली. आपला मे महिना आठवा, कारण लगेच कळेल.

बांधणी बघायची तर नक्षीवर भाळू नका. चांगल्या दुनळीत दोन चाप आणि दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. म्हणजे एकाच दस्त्यावर दोन रायफली. एक बिघडली तरी वाघासमोर दुसरी चालते. नळ्या मिटल्यावर सांध्यात फट दिसता कामा नये. आणि लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहाचे ठसे शोधा, जास्त दारू भरून चाचणी झाल्याची ती खूण.

बरं, कायदा. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 6 नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करणं गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारशाने आलेली धरून. शिकारीवर तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे.

मित्राच्या वडिलांकडे आधीच दोन बंदुका आहेत. म्हणजे आजोबांची ठेवायची तर एक सोडावी लागणार. त्यांची बारा बोअरची एक देऊन टाकायची तयारी आहे, रायफलची नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज गेलाय, तोवर रायफल पोलीस ठाण्यात जमा आहे, अख्ख्या 26 इंचांसकट.