पाऊस गोवंडीत, पाणी घाटमाथ्यावर

8 जुलै 2024 च्या पहाटे एक ते सात या सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी 300 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. रूळ पाण्याखाली गेले, शाळांना सुट्टी द्यावी लागली. त्याच दिवशी शहरात 10 टक्के पाणीकपात मात्र चालूच होती. ती जूनच्या पहिल्या आठवड्यात लागू झाली होती आणि उठली 29 जुलैला. गोवंडीच्या शिवाजीनगर, बैंगनवाडीत एरवीही पाणी कमी दाबाने येते आणि घरोघरी ड्रम भरून ठेवावे लागतात. गल्लीत पाणी तुंबलेले आणि नळाला धार नाही, हे तिथल्या माणसाला समजावणे सोपे नाही.

गोवंडीच्या नळाचे पाणी गोवंडीच्या पावसाचे नसते. ते ट्रॉम्बेच्या टेकडीवरच्या जलाशयातून येते, आणि तिथे पोचते ते मुख्यतः शहापूर, मोखाडा, इगतपुरीच्या डोंगरांतून: भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा. विहार आणि तुळशी हे दोन तलाव मुंबईच्या हद्दीत आहेत खरे, आणि शहरात चांगला पाऊस झाला की ते लवकर भरूनही वाहतात. पण सातही तलावांच्या एकूण साठ्यात या दोघांचा वाटा जेमतेम अडीच टक्के. मुंबईची तहान भागते ती सह्याद्रीच्या घाटमाथ्याला ढग किती थडकले, यावर.

ढग थडकतात म्हणजे नेमके काय होते? अरबी समुद्रावरून आलेला बाष्पाने भरलेला वारा कोकणपट्टी ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीशी येतो. पुढे वाट नाही, म्हणून वर चढतो. वर हवेचा दाब कमी, त्यामुळे हवा प्रसरण पावते आणि थंड होते. कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी, तर बाष्पाने संपृक्त झालेली साधारण सहा अंशांनी. थंड हवेत तेवढे बाष्प मावत नाही. त्याचे थेंब होतात आणि पाऊस पडतो. माथा ओलांडून हवा पूर्वेकडे उतरू लागली की सारे उलटे घडते. ती तापते, कोरडी होते, ढग विरतात.

याचा सर्वांत स्पष्ट धडा महाबळेश्वर–पाचगणीच्या रस्त्यावर मिळतो. दोन्ही गावे जवळपास सारख्याच उंचीवर, साधारण 1,300 मीटरच्या आसपास, आणि अंतर 20 किलोमीटरच्या आत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. पसरणीचा घाट उतरून वाईत आले की आकडा हजाराच्याही खाली. म्हणजे ‘उंच जागी पाऊस जास्त’ हा समज अर्धाच खरा आहे. उंचीइतकेच महत्त्वाचे असते ते वाऱ्याच्या समोर कोण उभे आहे आणि आडोशाला कोण.

साताऱ्याकडच्या वाचकाला हे पेपरातूनच पाठ झालेले असते. पावसाळ्यात रोज एक छोटी चौकट छापून येते: कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर. 1 जूनपासूनचा एकूण पाऊस आणि गेल्या चोवीस तासांचा. तीनही ठिकाणे एकाच कोयना नदीच्या पाणलोटातली, तरी तिन्ही आकडे रोज वेगळे, आणि नवजा अनेकदा सर्वांत पुढे. ही कोयनेची दरी तर पहिल्या कड्याच्या मागे, पूर्वेला आहे. मग तिथे आडोसा का नाही? कारण थेंब तयार व्हायला आणि खाली यायला वेळ लागतो. तेवढ्यात वारा त्याला कड्यापलीकडे घेऊन जातो. शिवाय पहिल्या रांगेला लागूनच दुसरी रांग असल्याने हवेला उतरून कोरडी व्हायला पुरेशी जागाच मिळत नाही. ती कराडच्या बाजूला मिळते, आणि तिथे पाऊस झपाट्याने घटतो.

नाशिककर हीच गोष्ट गोदाघाटावर पाहतात. शहरात नुसती भुरभुर असते, आणि रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागते. पाणी गुडघ्याला आले की कमरेला, यावरून पुराचा अंदाज बांधायची तिथली जुनी रीत आहे. पाऊस झालेला असतो त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात. गंगापूर धरणातून विसर्ग सुटतो आणि घाटावरची दुकाने हलवावी लागतात. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि सुमारे 50 किलोमीटरवरच्या नाशकात साधारण 700.

हिमालयात हाच खेळ बर्फाने खेळला जातो. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सात-आठ मीटर वेगाने खाली येतो, हिमकण जेमतेम एक मीटरने. त्यामुळे वारा त्याला कितीतरी दूर, माथ्याच्या पार पलीकडे नेतो. खाली पडल्यावरही तो जागेवर राहत नाही. कड्यावरचा उडून खोलगटात साचतो. उत्तरेकडच्या उतारावर ऊन कमी, म्हणून तिथे बर्फ महिनोन्‌महिने टिकते आणि समोरचा दक्षिण उतार उघडा पडतो. पावसाळ्यात मनालीहून 9.02 किलोमीटरच्या अटल बोगद्यात शिरणारी गाडी हिरव्यागार, भिजलेल्या डोंगरातून निघते आणि लाहौलच्या कोरड्या, उघड्या दरीत बाहेर पडते. बोगद्यावरचा डोंगर मोसमी ढगांना बऱ्याच अंशी अलीकडेच रोखून धरतो.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिवाळ्यात दिसणारा पांढरा थर मात्र हिमवर्षाव नव्हे. निरभ्र रात्री जमीन उष्णता गमावते, जड थंड हवा ओघळून खोलगटात साचते आणि गवतावरचे, होड्यांच्या फळ्यांवरचे दव गोठते. त्याच वेळी वर गावात तापमापकाचा पारा शून्याच्या बराच वर असू शकतो.

एका ठिकाणचा आकडा सगळ्या शहराचा मानण्याची किंमत मुंबईने 26 जुलै 2005 ला मोजली. सांताक्रूझला 944 मिलिमीटर, विहारला हजाराच्या वर, कुलाब्याला फक्त 73. तो प्रलय प्रामुख्याने एका जागी ठाण मांडलेल्या उत्तुंग गडगडाटी ढगांचा होता, त्याचे श्रेय शहरातल्या टेकड्यांना देता येत नाही. पण त्यानंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. गोवंडीच्या एम-पूर्व विभागाचा पाऊस आता वेगळा मोजला जातो आणि पंधरा-पंधरा मिनिटांनी कळतो.

डोंगरातल्या शेतकऱ्याच्या वाट्याला एवढी बारकाई अजून आलेली नाही. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पातून दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत हवामान केंद्रे उभी राहिली, हे मोठे काम झाले. मात्र एका मंडळाला एक केंद्र हे प्रमाण सपाट मुलखात जसे चालते तसे जावळी-पाटणच्या दऱ्याखोऱ्यांत चालत नाही. अतिवृष्टी ठरते ती चोवीस तासांत 65 मिलिमीटरवर. केंद्र आडोशाच्या गावात असेल आणि तिथे 50 नोंदले गेले, तर कड्याखालच्या वाडीत बांध फुटून भातखाचरे वाहून गेली तरी कागदावर अतिवृष्टी होत नाही; पंचनाम्यासाठी त्या शेतकऱ्याला आधी आपल्याकडे पाऊस पडला हेच सिद्ध करत बसावे लागते. घाटमाथ्याच्या मंडळांत एकाच्या जागी तीन केंद्रे हवीत: वाऱ्याच्या तोंडाशी एक, दरीत एक, आडोशाला एक.