माणशी दोन पुणे जिल्हे

राष्ट्रीय उद्यान म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे बोरिवली येते. कान्हेरीची लेणी, तुळशी आणि विहार तलाव, संध्याकाळनंतर वस्तीच्या कडेला येणारे बिबटे. हे सगळं मिळून क्षेत्रफळ 104 चौरस किलोमीटरच्या आसपास. ग्रीनलंडच्या ईशान्येलाही एक राष्ट्रीय उद्यान आहे. त्यात अशा नऊ हजारांहून जास्त बोरिवल्या मावतात.

ईशान्य ग्रीनलंड राष्ट्रीय उद्यान 1974 मध्ये जाहीर झालं आणि 1988 मध्ये वाढवलं गेलं. जमिनीवरच्या राष्ट्रीय उद्यानांत जगात याहून मोठं दुसरं नाही. क्षेत्रफळ 9 लाख 72 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे तीन महाराष्ट्र आणि वर थोडं. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात अख्खं ग्रीनलंड आफ्रिकेच्या तोडीचं दिसतं. तो नकाशाच्या पद्धतीचा दोष आहे. खरं तर आफ्रिका त्याच्या चौदापट मोठी. पण ही सूज उतरवूनही या एका उद्यानाएवढा प्रदेश व्यापणारे देश जगात फार नाहीत. इजिप्त त्याहून जेमतेम मोठा आहे.

असे आकडे वाचताना एका मर्यादेनंतर मन ते ऐकेनासं होतं. नऊ हजार बोरिवल्या काय आणि नव्वद हजार काय, गुणाकार नुसता फुगत जातो. मला हा प्रदेश थोडाफार कळला तो भागाकाराने.

2008 च्या हिवाळ्यात या साऱ्या प्रदेशात 31 माणसं होती आणि सुमारे 110 कुत्री. भाग घालून पाहा. माणशी 31 हजार चौरस किलोमीटरहून अधिक, म्हणजे माणशी दोन पुणे जिल्हे. त्याच प्रमाणात आपल्या राज्यात माणसं ठेवायची तर गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत दहा माणसं आणि पस्तीस कुत्री असतील, बाकी कुणी नाही. सारख्या अंतरावर उभी केली तर दोघांमध्ये पावणेदोनशे किलोमीटर पडतील. पुण्यातल्या माणसाचा सगळ्यात जवळचा शेजारी नाशिकला. आणि मधे रस्ता नाही, एकही नाही.

हा प्रदेश रिकामा राहिला तो समुद्रामुळे. उत्तर ध्रुवाकडचा बर्फ एका थंड प्रवाहाबरोबर ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्याला लागून दक्षिणेकडे सतत वाहत असतो. किनारा आणि खुला समुद्र यांच्यामध्ये तुटक्या, आपटत्या बर्फाचा रुंद पट्टा तयार होतो. जहाजाला त्यातून वाट मिळते ती साधारण जुलैअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि तीही मिळेलच असं नाही. धाडसी प्रवासी येतात ते याच काही आठवड्यांत. कुणी आइसलंडहून लहान विमानाने येतं, कुणी शिडाच्या बोटीने. उद्यानात शिरायला सरकारी परवाना लागतो, अडकल्यास सुटकेच्या खर्चाची हमी द्यावी लागते आणि पांढऱ्या अस्वलांमुळे बंदूक जवळ ठेवावी लागते.

बहुतेकांची गाठ आधी पडते ती उद्यानाच्या दक्षिण सीमेलगतच्या स्कोर्सबी सुंदशी. फ्योर्ड म्हणजे हिमनद्यांनी डोंगर कोरून केलेली खाडी, आणि स्कोर्सबी सुंद हे जगातलं सर्वांत मोठं फ्योर्डजाळं मानलं जातं. आपली खाडी भरतीच्या पाण्याबरोबर काही कोस आत जाते. ही साडेतीनशे किलोमीटर आत जाते, म्हणजे मुंबईला तोंड असलेली खाडी रत्नागिरीच्याही पुढे जाऊन संपावी तशी. तिच्या शाखा धरून क्षेत्र 38 हजार चौरस किलोमीटर, आपल्या साऱ्या कोकण विभागापेक्षा मोठं. काही ठिकाणी पाणी जवळजवळ दीड हजार मीटर खोल आहे. तिथे कळसूबाई उभी केली तर वर नुसता माथा राहील. या खाडीच्या तोंडाशी इत्तोक्कोर्तूर्मीत नावाचं गाव आहे. वस्ती साडेतीनशेच्या आसपास, आणि पुरवठ्याचं जहाज वर्षातून एक-दोनदाच येतं. पुढचं गाव सुमारे 800 किलोमीटरवर, तेही दक्षिणेला. उत्तरेला गाव नाहीच.

उत्तरेला आहेत सिरियसचे बारा जण. सिरियस ही डेन्मार्कच्या सैन्याची स्लेजवरची गस्त. ती का आहे, याचं उत्तर बर्फात नाही, हेगच्या न्यायालयात आहे. 1931 मध्ये नॉर्वेने पूर्व ग्रीनलंडचा एक भाग आपला म्हणून जाहीर केला. खटला आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि 1933 मध्ये निकाल डेन्मार्कच्या बाजूने लागला. त्यातून धडा असा निघाला की जमीन आपली म्हणायची तर तिथे आपला कारभार दिसला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी याच किनाऱ्यावर चोरून हवामानकेंद्र थाटलं, कारण युरोपचं उद्याचं हवामान आज ग्रीनलंडवर दिसतं. त्यांचा माग लावला तो कुत्र्यांच्या स्लेजवरून फिरणाऱ्या मूठभर माणसांनी. त्या गस्तीची परंपरा आजची सिरियस चालवते. दोन माणसं आणि डझनभर किंवा थोडी जास्त कुत्री अशी एक तुकडी, अशा सहा तुकड्या. एकदा निघालं की काही महिने बाहेर. प्रत्येक जण सव्वादोन वर्षांच्या आसपास तिथे राहतो, आणि त्या काळात घरी जाणं नाही. डानेबोर्ग या त्यांच्या ठाण्यावर नोव्हेंबरच्या सुरुवातीला मावळलेला सूर्य फेब्रुवारीतच पुन्हा दिसतो.

ज्या किनाऱ्यावर ते फिरतात त्याची लांबी, सगळी वळणं आणि बेटं धरून, सुमारे 18 हजार किलोमीटर सांगितली जाते. आपला कोकणकिनारा शाळेत शिकलो तो 720. ग्रीनलंडचा हा किनारा बारा जणांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन कोकणकिनारे येतात आणि काही किलोमीटर उरतातही.

पण या किनाऱ्याच्या लांबीची किंमत मला कुठल्याही आकड्यापेक्षा 1907 सालच्या तीन माणसांनी जास्त कळवली. अमेरिकन संशोधक रॉबर्ट पीअरी याने 1892 मध्ये एका कड्यावरून पाहून असं ठरवलं होतं की ग्रीनलंडचं उत्तर टोक एका सामुद्रधुनीने मुख्य भूमीपासून तुटलेलं आहे. नकाशावर तशी रेघ उमटली. तो नकाशा घेऊन लुडविग म्युलियस-एरिक्सेन, नील्स पीटर हेग हागेन आणि ग्रीनलंडचाच यॉर्गन ब्रॉनलुंड उत्तरेला गेले. किनारा संपेना. नकाशात जिथे तो पश्चिमेला वळायला हवा होता, तिथे तो पूर्वेलाच पुढे पुढे जात राहिला. ज्याला सामुद्रधुनी समजले होते तो बंद फ्योर्ड निघाला. तोवर उन्हाळा लागून बर्फ विरघळला, स्लेज चालेना आणि शिकार मिळेना. पायताणं झिजून गेली. शरद ऋतूत ते हिमस्तरावरून परत निघाले. अंधार सुरू झालेला होता. आधी दोघं गेले. ब्रॉनलुंडचे पाय थंडीने निकामी झाले होते, तरी तो चंद्राच्या उजेडात अन्नसाठा ठेवलेल्या जागेपर्यंत पोचला. तिथे तो मेला, पण आपली रोजनिशी आणि हागेनने काढलेले नकाशे सोबत्यांच्या हाती लागतील अशा ठिकाणी मेला. पुढच्या वसंतात ते सापडले. म्युलियस-एरिक्सेन आणि हागेन यांचे मृतदेह आजवर मिळालेले नाहीत.

एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. 1909 मध्ये एजनार मिकेल्सेन त्यांच्या नोंदी शोधायला गेला. त्याला दगडांच्या ढिगाऱ्यात म्युलियस-एरिक्सेनने ठेवलेली चिठ्ठी मिळाली: पीअरीची सामुद्रधुनी अस्तित्वातच नाही. मिकेल्सेन आणि त्याचा साथीदार इव्हर इव्हरसेन परतले तेव्हा त्यांचं जहाज फुटलेलं होतं आणि बाकीचे मायदेशी गेलेले. दोघं तिथेच अडकले, आणि 1912 मध्ये त्यांची सुटका झाली. नकाशावरची एक रेघ पुसायला तीन जीव आणि पाच वर्षं लागली. इत्तोक्कोर्तूर्मीत हे गाव 1925 मध्ये वसवलं ते याच मिकेल्सेनने.

किनारा सोडून आत गेलं की सगळं पांढरं होतं. हिमस्तराची जाडी मधल्या भागात तीन किलोमीटरच्या वर जाते, म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई. उद्यानातल्याच एका संशोधन तळावर शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं भोक पाडत नेलं आणि 2023 च्या जुलैत 2,600 मीटरहून खोल जाऊन ते तळाच्या मातीला भिडले. सगळ्यात खालचा बर्फ लाखभर वर्षांहून जुना. ही छावणी ज्या बर्फावर उभी होती तोही स्थिर नव्हता. तो समुद्राच्या दिशेने रोज सुमारे 15 सेंटिमीटर सरकत होता, कंपासपेटीतल्या पट्टीएवढा. तंबू, यंत्रं, माणसं सगळी रोज एक पट्टी पुढे. याच हिमस्तराच्या माथ्याजवळ 22 डिसेंबर 1991 ला एका स्वयंचलित यंत्राने उणे 69.6 अंश तापमान नोंदवलं. उत्तर गोलार्धातला तो नीचांक आहे, हे जगाला अधिकृतपणे कळलं 2020 मध्ये. गोलार्धातला सगळ्यात थंड क्षण घडला तेव्हा पाहायला माणूस नव्हता, आणि त्याची दखल घ्यायला आणखी अठ्ठावीस वर्षं गेली.

कुणी पाहत नसताना घडण्याची याहून मोठी गोष्ट 16 सप्टेंबर 2023 ची. उद्यानातल्या डिक्सन फ्योर्डमध्ये, पायथ्याची हिमनदी पातळ होऊन आधार सुटल्यामुळे, सुमारे बाराशे मीटर उंचीच्या डोंगराचा एक भाग खाली आला. दगड आणि बर्फ मिळून अडीच कोटी घनमीटर. दहा घनमीटरच्या डंपरने वाहायचं म्हटलं तर पंचवीस लाख खेपा. पाण्याची लाट काही ठिकाणी 200 मीटर चढली. राजाबाई टॉवर एकावर एक असे दोन ठेवले, तरी तिने ते बुडवले असते. लाट ओसरली, पण अरुंद फ्योर्डमध्ये कोंडलेलं पाणी या काठावरून त्या काठावर हेलकावे खात राहिलं, दर नव्वद सेकंदांना एक हेलकावा. त्या हेलकाव्याने पृथ्वीचं कवच थरथरलं आणि आर्क्टिकपासून अंटार्क्टिकापर्यंतच्या भूकंपमापकांवर एक संथ, एकसुरी नोंद उमटू लागली. ती नऊ दिवस चालली. नऊ दिवसांचे सेकंद मोजून नव्वदने भागले की येतात 8,640 हेलकावे. भूकंपतज्ज्ञांना ही नोंद कशाची हे कळेना. पंधरा देशांतल्या 68 संशोधकांनी मिळून कोडं सोडवलं आणि उत्तर पुढच्या सप्टेंबरात प्रसिद्ध झालं. सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या एला बेटावर सिरियसचं ठाणं आहे. लाटेने तिथे नुकसान केलं, पण त्या दिवशी ठाण्यावर कुणी नव्हतं. उन्हाळ्यात प्रवासी जहाजं याच फ्योर्डांतून जातात.

अगदी उत्तरेचा पीअरी लँड हा भाग मात्र बहुतांशी उघडा, दगडमातीचा आहे. तिथे बर्फ साचेल एवढा हिमवर्षावच होत नाही. वर्षाचं पर्जन्य 200 मिलिमीटरच्या आत, म्हणजे वाळवंट. याच कोरड्या, गोठलेल्या मातीतून 2022 मध्ये वीस लाख वर्षांपूर्वीचा डीएनए वाचला गेला. आज जिथे बोटाएवढी विलोची रोपटी जमिनीला चिकटून वाढतात, तिथे तेव्हा भूर्ज आणि पॉप्लरची झाडं होती, ससे होते, आणि मॅस्टोडॉन हा हत्तीचा नामशेष नातलग होता. इतक्या उत्तरेला मॅस्टोडॉन असेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

डानेबोर्गजवळच्या यंग सुंदमध्ये सँड आयलंड नावाचं चिमुकलं वाळूचं बेट आहे. तिथे आर्क्टिक सुरय पक्षी अंडी घालतात. वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम, एका मोसंब्यापेक्षाही कमी. 2007 मध्ये या बेटावरच्या पन्नास सुरयांच्या पायांना दीड ग्रॅमचंही नसलेलं यंत्र बांधलं गेलं. त्यांतले दहा अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात हिवाळा काढून परतल्यावर पुन्हा हाती लागले, तेव्हा वर्षाची सरासरी रपेट निघाली सुमारे 71 हजार किलोमीटर. हा पक्षी तीस वर्षंही जगतो. तेवढं आयुष्य धरलं तर एकवीस लाख किलोमीटर, म्हणजे चंद्रावर जाऊन परत यायच्या पावणेतीन फेऱ्या. आणि दर उन्हाळ्यात मुक्काम मात्र त्याच वाळूच्या पट्ट्यावर.

त्याच किनाऱ्यावर आयडर बदकंही येतात. घरटं कुठे करावं याला तिथे मर्यादा नाही; मोकळी जमीन पडली आहे, माणूस जवळपास नाहीच. पण ध्रुवीय कोल्हे आहेत, आणि ते अंडी पळवतात. कोल्हे कुत्र्यांच्या जवळ येत नाहीत. म्हणून या बदकांच्या हजाराच्यावर जोड्या डानेबोर्गच्या ठाण्यात, साखळीला बांधलेल्या स्लेजच्या कुत्र्यांच्या अवतीभवती घरटी करतात. कुत्र्याची साखळी जिथवर पोचते त्याच्या थोडंसं पलीकडे मादी अंड्यांवर बसलेली असते, आणि कुत्र्यांना खायला घालायला निघालेला माणूस घरट्यांमधून पाय जपून टाकत जातो.