'विसरू नकोस' नव्हे, 'आधी लिही'

कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्याची जीभ नोकरांना घडवते किंवा बिघडवते. काउंटरवरच्या पोराला मी रोज दम द्यायचो, "उधारी लिहायला विसरू नकोस, नाहीतर पगारातून कापीन." तो विसरायचाच, वर भीतीने चूक लपवायला शिकला. एका ईदच्या हंगामात पॉपलीनचे थान दोन नेले की चार, यावरून वीस वर्षांचे गिऱ्हाईक तुटले. पोराला काढायचेच ठरवले होते.

कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत (सूरह बकरा, २८२) उधारीच्या लिखापढीविषयी आहे. तिच्यात लिहिण्याचा कंटाळा करू नका असेही आहे, पण सुरुवातीला काय करायचे तेच सांगितले आहे. हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे पैगंबर (स.) यांची खिदमत केली. 'हे का केलेस' असे त्यांना एकदाही ऐकावे लागले नाही. आम्ही तर दिवसातून दहादा विचारतो!

मग मी बोलणे बदलले. "थान फळीवरून उतरले की आधी नाव, नग आणि तारीख वहीत." एवढेच. संध्याकाळी वही पाहून, नोंद चोख असेल तरच, "आज हिशेब साफ आहे" म्हणायचे. खोटी शाबासकी पोरे लगेच ओळखतात. महिनाभर माझीच जीभ घसरत होती. त्याची सवय माझ्या आधी लागली. आता चूक झाली तर तो स्वतः वही घेऊन येतो.

ते जुने गिऱ्हाईक मात्र अजून परतलेले नाही.