नकार घराचा असावा

तुळशीचे लग्न लागले की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत समारंभांचे चक्र फिरू लागते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांचा गाळप हंगाम एव्हाना सुरू झालेला असतो आणि त्याच सुमारास लग्नतिथीही निघतात. थंडीत हुरडा येतो, मग ३१ डिसेंबर, पुढे गावोगावच्या जत्रा. मध्येच कुणाकडे जावळ, कुणाकडे जागरण-गोंधळ, कुणाच्या निवडणुकीतील विजयाचे जेवण आणि आषाढाच्या अखेरीस ‘गटारी’. यांपैकी अनेक प्रसंगी दोन पंगती बसतात. एक मांडवात, सर्वांदेखत. दुसरी शेडच्या मागे, रानातल्या विहिरीवर किंवा हमरस्त्यावरच्या ढाब्यात. या दुसऱ्या पंगतीचे आमंत्रण फार थोडक्यात दिले जाते : “बसायचं का?”

आपल्या घरातील मुलाने, जावयाने, भावाने किंवा यजमानांनी अलीकडेच दारू सोडली असेल, तर हा लहानसा प्रश्न किती जड असतो हे आपण जाणता. व्यसनमुक्ती केंद्रात दिनक्रम आखलेला असतो, आवारात दारू नसते आणि सोबतीला त्याच दुखण्यातून जाणारी माणसे असतात. घरी परतल्यावर ही तटबंदी राहत नाही. आठवड्याच्या आत एखादी लग्नपत्रिका दारात येते आणि खरी परीक्षा तेथून सुरू होते. या परीक्षेला त्या माणसाला एकट्याने बसवू नये, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. समारंभातील नकार त्याच्या तोंडून निघाला, तरी त्यामागे सारे घर उभे असले पाहिजे.

समारंभच का जड जातात?

दीर्घकाळ मद्यपान केलेल्या माणसाच्या मेंदूत दारूची आठवण एकटी साठवलेली नसते. तिच्याबरोबर विशिष्ट माणसे, विशिष्ट वेळ, मटणाचा वास, बँडचा आवाज, बर्फाची खळखळ हे सारे जोडलेले असते. यांतले एक समोर आले तरी तलफ जागी होते. हा मेंदूला जडलेल्या सवयीचा परिणाम आहे. त्यावरून माणसाचा निर्धार कच्चा ठरवू नये.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, व्यसन सोडलेली माणसे पुन्हा त्याकडे कोणत्या प्रसंगी वळतात याची मांडणी केली. खिन्नता व चिडचिड, आपसांतील भांडण आणि सामाजिक दबाव ही त्यांतील तीन मोठी कारणे होती. सुमारे पाचव्या हिश्श्याच्या प्रसंगांमागे सामाजिक दबाव होता. हा दबाव नेहमी शब्दांनी येतो असे नाही. चार आप्त समोर बसून पीत आहेत आणि आपण एकटेच रिकाम्या हाताने उभे आहोत, हाही दबावच असतो.

मार्लट यांनी तलफेला समुद्राच्या लाटेची उपमा दिली होती. लाट चढते, शिखर गाठते आणि ओसरते. बहुतेक वेळा पंधरा ते तीस मिनिटांत तिचा जोर कमी होतो. तेवढा वेळ माणूस त्या जागेवरून बाजूला निघाला, कुणाशी बोलला, पोटभर जेवला, तर पुष्कळदा प्रसंग टळतो.

पालखीच्या वाटेवरचा आदरणीय नकार

आपल्या भागाला नकाराचा आदर कसा करावा हे शिकवावे लागत नाही. जगद्गुरू तुकोबारायांची पालखी दरवर्षी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी या वाटेने इंदापूरला येते. काटेवाडीला मेंढ्यांचे आणि बेलवाडीला अश्वांचे रिंगण होते. या वाटेवरच्या गावांत घरटी कुणीतरी माळकरी असतो. त्याच्यापुढे कुणी ग्लास धरीत नाही, एखाद्या नवख्याने धरलाच तर शेजारचाच सांगतो, “अरे, ते माळकरी आहेत.” विषय तेथेच संपतो. कारण विचारले जात नाही, थट्टा होत नाही.

ज्यांची श्रद्धा आहे, त्यांना माळ मोठा आधार देते. मात्र केवळ दारू सुटावी म्हणून कुणाच्या गळ्यात बळेच माळ घालू नये. पुढे पाय घसरला तर दारूच्या अपराधात माळेच्या अपराधाची भर पडते आणि लाजेने माणूस अधिकच पितो. आपण घ्यायचा तो धडा वेगळा आहे. माळकऱ्याचा नकार टिकतो, कारण त्याच्यासाठी बोलणारा दुसरा कुणीतरी तेथे असतो. दारू सोडलेल्या माणसालाही असाच बोलणारा मिळाला पाहिजे, आणि ते काम घरातील वडीलधाऱ्यांइतके चांगले कुणालाच जमत नाही. भावकीत, व्याह्यांत, गावात आपल्या शब्दाला जे वजन आहे, ते येथे खर्ची घालावे.

जाण्यापूर्वी ठरवावयाच्या गोष्टी

पहिला प्रश्न जावे की न जावे हा. पहिल्या काही महिन्यांत टाळता येण्याजोगे समारंभ टाळणेच हिताचे. हुरडा पार्टी, मित्रांची सहल, ३१ डिसेंबरची रात्र, गटारीचे जेवण यांना न गेल्याने कुणाचे काही अडत नाही. सख्ख्या नात्यातील लग्न मात्र चुकवता येत नाही. तेथे समारंभाचे भाग पाडावेत. हळदीची रात्र आणि वरातीची वेळ सर्वांत धोक्याची. अक्षता आणि दुपारचे जेवण त्या मानाने सुरक्षित. अक्षतांना जावे, आहेर करावा, जेवावे आणि निघावे. हळदीला घरातर्फे आपण स्वतः गेलात, तर नात्याचा मानही राहतो आणि त्याची अनुपस्थितीही कुणाला खटकत नाही.

हा निर्णय त्याच्याशी बोलून घ्यावा. “तू कुठेही जायचं नाही,” असा हुकूम सोडला की मोठ्या माणसाचा स्वाभिमान दुखावतो. “या लग्नातलं तुला सगळ्यांत अवघड काय वाटतंय?” एवढे विचारून ऐकून घ्यावे. बहुधा तो स्वतःच सांगतो : अमुक मेहुणा, अमुक मित्र, रात्री दहानंतरची वेळ.

त्यानंतर चार गोष्टी पक्क्या कराव्यात. पहिली, परतीचे वाहन आपल्या हातात हवे. दुसऱ्याच्या गाडीतून गेलेला माणूस त्याची बैठक आटोपेपर्यंत अडकून पडतो. दुसरी, निघण्याची वेळ आधीच ठरवावी आणि यजमानांच्या कानावर घालावी. तिसरी, घरून काहीतरी खाऊन निघावे. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत तलफ अधिक जोर धरते, असा व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील जुना अनुभव आहे. चौथी, त्याच्याबरोबर एक जाणता सोबती द्यावा. सोबत्याने पाळत ठेवू नये, जवळपास मात्र असावे. दोघांत एक खूण ठरलेली असावी. “आईला औषध द्यायचंय, निघू या,” एवढे म्हटले की सोबत्याने कारण न विचारता गाडीची किल्ली काढावी.

मांडवात

हातात काहीतरी असावे. चहा, ताक, सरबत, काहीही चालेल. रिकामा हात आग्रहाला बोलावतो. प्याला मात्र स्वतः भरून घ्यावा आणि खाली ठेवून गेल्यास पुन्हा तोच उचलू नये. थंड पेयात गुपचूप दारू मिसळण्याचे ‘विनोद’ आपल्याकडे होतात. ‘अल्कोहोलविरहित’ म्हणून मिळणारी बिअरही टाळावी. तिच्यात काही वेळा अल्प प्रमाणात मद्यार्क असतो, शिवाय चव आणि वास जुनी वाट दाखवतात.

नकाराचे वाक्य लहान असावे आणि घरी दोन-चार वेळा मोठ्याने म्हणून पाहावे. “नको आबा, मी सोडलीय. चहा द्या, घेतो.” एवढे पुरे. ‘आज पोट बिघडलंय’ किंवा ‘औषध चालू आहे’ अशा सबबी एका दिवसापुरत्या निभावतात. पुढच्या लग्नात पुन्हा नवी सबब शोधावी लागते. आग्रह करणाऱ्याला दोनदा नकार द्यावा आणि तिसऱ्यांदा तेथून उठावे. वाद घालत बसू नये, कारण वादात राग येतो आणि राग हेही पिण्याचे निमित्त होते.

येथे आपले काम सुरू होते. “एवढ्यानं काय होतंय?” असे कुणी म्हणाले, तर आपण शांतपणे सांगावे, “आमच्या घरात आता कुणी घेत नाही. त्याला आग्रह करू नका.” या ‘आमच्या घरात’ या शब्दांत मोठे बळ आहे. मात्र चारचौघांत त्याच्या उपचारांची कहाणी सांगू नये. काय सांगायचे आणि किती, हा अधिकार त्याचा आहे.

कार्य आपल्याच घरी असेल तेव्हा

पाहुण्यांची ‘सोय’ केली नाही तर ते नाराज होतील, ही भीती पुष्कळ घरांत असते. ज्या अंगणात एका जिवाला वाचविण्याची खटपट चालू आहे, तेथे ही सोय होता कामा नये. बैठकीतच सांगून टाकावे की, या कार्यात दारू नाही, जेवण मात्र उत्तम आहे. आचारी, मांडववाले, बँडवाले यांनाही कल्पना द्यावी. जेवण वेळेवर वाढावे, कार्यक्रम लवकर आटोपावा. त्याला कामाविना बसवू नये; पाहुण्यांचे स्वागत, पंगतीवर देखरेख, आहेराची नोंद असे मानाचे काम सोपवावे.

घरातील औषधांचे कपाट

वृद्धांच्या घरात एक धोका नजरेआड राहतो. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांसारखी आसवे-अरिष्टे आंबवून तयार होतात आणि त्यांत नैसर्गिकरीत्या मद्यार्क असतो. खोकल्याच्या काही औषधांतही तो असतो. अशक्तपणासाठी म्हणून दारू सोडलेल्या माणसाला ही औषधे देऊ नयेत. आपल्याला ती लागत असतील, तर वैद्यांशी बोलून पर्याय घ्यावा.

डॉक्टरांनी डायसल्फिराम हे औषध दिले असेल, तर विशेष काळजी हवी. ते चालू असताना दारू पोटात गेली तर चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या, धाप, रक्तदाब घसरणे असे त्रास होतात आणि हृदयविकाराच्या रुग्णाच्या जिवावरही बेतू शकते. शेवटच्या गोळीनंतर सुमारे दोन आठवडे हा परिणाम संभवतो. म्हणून हे औषध किंवा ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातीतील कोणतीही पूड भाजीत, चहात गुपचूप मिसळू नये. समारंभात तो माणूस अजाणता प्याला तर काय होईल, याचा विचार करावा.

दारू सोडणारे वडीलधारे स्वतः आपणच असाल, तर हे सारे आपल्यालाही लागू आहे. वयाबरोबर शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, त्यामुळे पूर्वीइतकीच दारू रक्तात अधिक चढते. रक्तदाब, मधुमेह, झोपेच्या गोळ्या यांच्याशी तिचे वैर आहे. सून-मुलाला विश्वासात घ्या. नातवंडांचे निमित्त करून लवकर निघण्यात कमीपणा नाही.

पाय घसरलाच तर

सगळी तयारी करूनही एखादे वेळी घोट घेतला जातो. त्या रात्री भांडू नये, शपथा घालू नयेत. सकाळी, शुद्धीवर असताना बोलावे आणि त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना कळवावे. एका घोटाने आजवरचे दिवस वाया जात नाहीत. ‘आता सगळं गेलंच,’ या विचाराने मात्र एका घोटाची बाटली होते. पुन्हा रोजचे पिणे सुरू झाले असेल, तर घरच्या घरी एकदम बंद करवू नये. हातपाय कापणे, झटके येणे, भ्रम होणे हे त्रास गंभीर असतात आणि त्यांना रुग्णालयातील उपचार लागतात.

१९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील अॅक्रन शहरात बिल विल्सन हा गृहस्थ एका हॉटेलच्या दालनात उभा होता. दारू सोडून त्याला पाचच महिने झाले होते, व्यवसायातील बेत फसला होता आणि समोरच्या बारमधून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. तो बारकडे न जाता टेलिफोनकडे वळला आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या मद्यासक्त माणसाचा शोध घेऊ लागला. त्यातून त्याची डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी भेट झाली आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. तिच्या सभा आज महाराष्ट्रातही अनेक ठिकाणी भरतात.

आपल्या जिल्ह्यात पुण्याला डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू केले. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांचा त्याला मोठा हातभार होता. व्यसनी माणसाबरोबर त्याच्या कुटुंबालाही आधार लागतो हे तेथे ओळखले गेले, आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालविला गेला. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा केंद्र सरकारचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही उपलब्ध आहे.

पुढची लग्नपत्रिका येईल तेव्हा तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी लिहून ठेवाव्यात : कोणत्या वेळी जायचे, सोबत कोण, किती वाजता निघायचे आणि अडचण आल्यास फोन कुणाला करायचा. ती पत्रिका त्याच्या खिशात द्यावी आणि त्या फोनशी आपण स्वतः जागे राहावे.